साठ डॉलरचं न्यूयॉर्क

न्यू जर्सीतलं साउथ ऑरेंज आमच्या एडिसनहून गाडीनं अर्ध्या तासावर. तिथल्या एका घरात इस्टेट सेल होता. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं पलंगापासून चमच्यांपर्यंत सगळं शनिवार-रविवारात विकून मोकळी होतात, तो प्रकार. मी गेलो होतो पुस्तकांच्या कपाटासाठी. ते आधीच कुणी उचललं होतं. जिन्याखाली एक फ्रेम मात्र टेकवलेली दिसली. डोक्यावरून जाणारी रेल्वे, तिच्या पोटाखालचा अंधारा रस्ता, आणि रुळांच्या फटींतून खाली पडलेले उन्हाचे पट्टे. समासात पेन्सिलीनं सही : लुई लोझोविक. साठ डॉलर मोजले.

रात्री शोधाशोध केली आणि झोप उडाली. लोझोविक १८९२ साली युक्रेनमधल्या एका खेड्यात, ज्यू घरात जन्मला आणि १९०६ मध्ये अमेरिकेत आला. पुढे पॅरिस, बर्लिन, मॉस्को पालथं घालून परतला आणि न्यूयॉर्कचे पूल, क्रेन, उंच इमारती शिळाछापात, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापायच्या चित्रांत (लिथोग्राफ), उतरवू लागला. मंदीच्या काळात सरकारी योजनेतून त्यानं शहराच्या मुख्य टपाल कचेरीसाठी भित्तिचित्रंही केली. माझ्या हातात होतं ते १९२९ सालचं ‘ॲलन स्ट्रीट’, न्यूयॉर्कमधल्याच एका रस्त्याचं. आणि हा माणूस १९७३ मध्ये वारला तो साउथ ऑरेंजमध्येच! शेजाऱ्याला स्वतःच्या हातानं दिलं असेल, असे मांडे मी मनात खाल्ले.

बाबांची उभी हयात पुण्यात ऑफसेट छपाईच्या धंद्यात गेली. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

“अरे, सहीकडे काय बघतोस? सही कुणीही ठोकेल. भिंग लाव. ठिपके ओळीत, शिस्तीत दिसले तर आमच्यासारख्याच कुणीतरी छापलंय.”

दहापट दाखवणारं भिंग मागवलं. ते येईपर्यंतचे दोन दिवस बायकोनं साठ डॉलरचा विषय काढला नाही, हे तिचे उपकार. भिंगाखाली ठिपके होते, पण ओळी नव्हत्या. जाडं मीठ सांडावं तसा वेडावाकडा दाणा. चुनखडीची शिळा घासून खरखरीत करतात आणि तिच्यावर तेलकट खडूनं चित्र काढतात. खडू फक्त दगडाच्या उंचवट्यांना लागतो. वरून पाणी फिरवलं की कोरा दगड ते धरून ठेवतो, आणि शाई बसते ती खडूच्या जागीच. दाणा येतो तो त्या उंचवट्यांमुळे. “आता सही तिरप्या उजेडात धर,” बाबा म्हणाले. “पेन्सिल असेल तर चकाकेल.” चकाकली. मग गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग कसं काढलं, हेही ऐकून घ्यावं लागलं. बाबांसमोर शिळाछाप म्हटलं की गणपत कृष्णाजी येणारच.

एका संग्रहालयाला छापाची मापं आणि फोटो पाठवले. मापं जुळतात असं कळवलं, किमतीबद्दल बोलत नाही म्हणाले. ठीक.

खरा घोळ फ्रेमच्या पाठीमागे होता. तपकिरी कागद फाडला तर आत साध्या खोक्याचा पुठ्ठा, आणि चित्र वरच्या कडेला मास्किंग टेपनं थेट चिकटवलेलं. पुठ्ठ्यातल्या आम्लानं कागद पिवळा पडलेला, माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीच्या, खिडकीभोवती चहाच्या कपासारखा तपकिरी काठ. इथे मी गाढवपणा केला. टेप हलकेच ओढून बघितली. हलकेच वगैरे काही नसतं. नखाएवढा कागद सोलून आला. सुदैवानं समासात.

मग कागदाची डागडुजी करणाऱ्या बाई शोधल्या. त्यांनी ओरडा केला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या चित्र धुणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. पण छपाईची शाई तेलकट, तिला पाणी लागत नाही. तरी आधी शाई आणि सही एका कोपऱ्यात थेंब टाकून तपासली. मग पाण्यात, टीपकागदात, वजनाखाली. तीन आठवडे लागले. डाग ब्लीच करू का, असं विचारलं तेव्हा मी नको म्हणालो. कागद कमजोर होतो म्हणे, आणि तो काठ नव्या माउंटखाली झाकला जाणारच होता. आता चित्र दोन जपानी कागदाच्या पट्ट्यांवर, गव्हाच्या खळीनं लटकवलंय. खळ! आजी साड्यांना लावायची ती. बिल चारशे वीस डॉलर. ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथेच वाचेल.

मागच्या रविवारी ॲलन स्ट्रीटवर जाऊन आलो. वरची रेल्वे १९४२ मध्ये बंद झाली, मग पाडली. त्याआधीच एका बाजूच्या इमारती काढून रस्ता रुंद केला होता. मधोमध झाडं, बाकडी, सायकलवाले. दुपारचं ऊन सरळ डोक्यावर होतं. फोनमधलं चित्र काढून मी बराच वेळ वर बघत उभा होतो. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानेही वर बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा त्याच्या पेपरात डोकं घातलं.