काळ्या मातीतलं तळं

आमचं घर इंदूरला, सुदामानगरात. मागे वीस बाय तीस फुटांचं अंगण आणि कोपऱ्यात सासऱ्यांनी लावलेला कडुनिंब. तिथे एक छोटं तळं असावं, दगडांवरून पाणी उतरत यावं, ही माझी लग्न होऊन इथे आले तेव्हापासूनची हौस.

पहिल्यांदा एका ठेकेदाराला काम दिलं. त्याने आठवड्यात सिमेंटचा हौद बांधला, वर फायबरचे खडक बसवले, रंगीत दिवे लावले. दिवाळीत सगळ्यांनी तिथे उभं राहून फोटो काढले. एप्रिल संपेपर्यंत रोज सकाळी पाणी चार बोटं खाली गेलेलं दिसायला लागलं. उन्हाने आटतं म्हणावं तर मे महिन्यातसुद्धा दिवसाला एखाद सेंटिमीटरच आटतं, एवढं नाही. ठेकेदाराने दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, दोन्ही वेळा पैसे घेतले, नंतर फोन उचलला नाही. मला खूप वाईट वाटलं. पैशांचं तर होतंच, पण नळाला पाणी एक दिवसाआड येतं. सत्तर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी मी जमिनीत मुरवत होते.

शेजारच्या बांधकामावरच्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी हौदाकडे पाहिलंच नाही, आधी मोकळ्या जमिनीपाशी जाऊन बसले. तिथे भेगा पडल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलीकडून फूटपट्टी मागून घेतली आणि एका भेगेत सोडली. तीस सेंटिमीटरची पट्टी पूर्ण आत गेली.

"भाभीजी, काली मिट्टी है. बारिश में फूलती है, गर्मी में सिकुड़ती है. इसमें कड़क चीज़ टिकेगी नहीं."

माळव्याची माती काळी, हे शाळेत पाठ केलं होतं. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. पातळ भिंतीचा हौद त्या ओढाताणीत तडकणारच. म्हणजे जमिनीबरोबर हलेल असं काहीतरी हवं होतं.

तो पावसाळा मी काहीच बांधलं नाही. ही गोष्ट मी प्रत्येकाला करायला सांगेन. छत्री घेऊन अंगणात उभी राहायचे आणि पाणी जिथून वाहतं तिथे बांबूच्या काड्या खोचायचे. गच्चीचं पाणी निंबाला वळसा घालून ईशान्येच्या कोपऱ्याकडे जातं, हे इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. ऑगस्टमध्ये पाताळपाणीला गेलो तेव्हा सगळे धबधबा बघत होते, मी वरच्या ओढ्यातले दगड बघत बसले. एकही दगड नुसता ठेवल्यासारखा दिसत नाही. तिसरा हिस्सा तरी मातीत रुतलेला असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोठे धोंडे, आतल्या अंगाला बारीक खडी. आमच्या हौदावरचे फायबरचे खडक द्राक्षांसारखे रचले होते, म्हणून ते आणखीच खोटे दिसायचे.

फेब्रुवारीत खड्डा खणला. निंबापासून लांब, कारण पानगळीची पानं पाण्यात कुजतात आणि कुमुदिनीला पाच-सहा तास ऊन लागतं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मध्ये दोन फूट खोल आणि कडेने नऊ इंचांवर एक पायरी. काठ सगळीकडून एका पातळीत यायला हवा. मिस्त्रींनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तो तपासला आणि एका बाजूला पाऊण इंच माती भरायला लावली. तळाशी दोन इंच वाळू, त्यावर जुन्या सतरंज्या, त्यावर शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद. त्याचं माप काढायला सोपा हिशेब आहे: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांना एकेक फूट. म्हणजे आमचा चौदा बाय अकरा. पाणी भरताना चुण्या सरळ करत गेलो. जमीन हलली की हा कागद तिच्याबरोबर हलतो, तडकत नाही.

दगडांवर पाणी चढवायला पंप लागतो. तो घेताना डब्यावरच्या ताशी लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा पाणी वर चढवायचं नसताना असतो. दोन-अडीच फूट चढवलं की धार बरीच कमी होते.

आणि माती! जिने हौद फोडला तीच कुमुदिनीला मानवली. कुंडीत चिकट काळी माती भरली, वर खडीचा थर दिला. खत अजिबात घातलं नाही, कारण ते पाण्यात उतरून शेवाळ वाढवतं. काठाच्या पायरीवर वेखंड आणि कर्दळ. जास्तीचं पाणी जिथे उतरतं त्या ईशान्येच्या खळग्यात वाळा लावला आणि तिथे मात्र कंपोस्ट मिसळलं. हे कंपोस्ट इंदूर पद्धतीचं. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे काम करत होते, ती पद्धत जगभर आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते. निंबाचा पाला, शेण आणि माती यांचे थर द्यायचे, ओल राखायची, तीन महिन्यांत तीनदा उलथवायचं. माझ्या निंबाचा सगळा पाला आता तिथेच जातो.

एप्रिलमध्ये पाणी हिरवंगार झालं. घरातले म्हणाले, उपसून टाक. मी टाकलं नाही. कुमुदिनीच्या पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकल्यावर तळ दिसायला लागला, त्याला पाच आठवडे लागले. डासांसाठी गप्पी मासे सोडले. मनपाची माणसं डेंग्यूच्या अळ्या बघायला आली, टॉर्च मारून पाहिलं, एकही सापडली नाही. नळाचं पाणी घालायचं झालं तर दोन दिवस टिपात उघडं ठेवते, क्लोरीन उडून जातो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस आला. रात्री मी मागचं दार उघडून टॉर्च घेऊन बसले. तळं काठोकाठ भरलं, मग ठरवलेल्या जागेवरूनच पाणी वाळ्याकडे उतरलं. साडेअकराच्या सुमारास कर्दळीखालून बेडूक ओरडला. मी सासूबाईंना उठवलं. त्या शाल गुंडाळून आल्या, दोघी बराच वेळ उंबऱ्यावर बसून होतो.