चार सऱ्यांखाली गेलेली वाट

गावातली गल्ली रुंद करण्याच्या प्रस्तावावरच्या सुनावणीत सगळ्यांचं बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी उठून माझ्या टेबलापाशी आल्या. पसरलेल्या नकाशावर तळहात ठेवून म्हणाल्या, "साहेब, ह्यात काय दिसतंय तुमास्नी? शाळा भरायच्या टायमाला आमच्या भिंतीपाशी येऊन हुबं ऱ्हावा."

मी नगररचनेच्या कामात आहे, रचना सहायक. रस्त्यांच्या आखणीचे प्रस्ताव तपासणं, हरकती-सूचना नोंदवणं आणि जागेवर जाऊन अहवाल लिहिणं हे माझं रोजचं काम. अशी बोलावणी पुष्कळ येतात, सगळीकडे जाणं होत नाही. या आजींच्या बोलण्यात मात्र काहीतरी होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी गेलो.

गाव हातकणंगले तालुक्यातलं, शिरोली औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. वसाहतीत प्लॉट मिळेनात, तेव्हा शेजारच्या गटांमध्ये जमीन बिगरशेती करून शेड उभ्या राहिल्या. आधी दोन, मग दहा, आता चाळीसेक. कोल्हापुरात ही गोष्ट नवी नाही. उद्यमनगर अपुरं पडलं म्हणून शिरोली, मग गोकुळ शिरगाव, मग कागलची पंचतारांकित, आणि प्रत्येक वसाहतीच्या कडेनं अशा शेडची एक झालर. आत फौंड्री आणि मशीन शॉप. ट्रॅक्टरचे, पंपांचे, गाड्यांच्या इंजिनांचे भाग इथं ओतले जातात, घासले जातात आणि बाहेर जातात. स्क्रॅप आणि वाळू आत येते, कास्टिंग आणि जळकी वाळू बाहेर पडते. हे सगळं जड असतं आणि ट्रकनंच हलतं.

अडचण हद्दीची. एमआयडीसीच्या कुंपणाच्या आत रस्ते एमआयडीसी करते. कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की रस्ता कुणाचा, हा प्रश्न सुरू होतो. काही तुकडा जिल्हा परिषदेचा, काही ग्रामपंचायतीचा, आणि महामार्गाच्या सेवा रस्त्याला जोडायचं तर महामार्ग प्राधिकरणाची परवानगी वेगळी. शेडना परवानगी मिळताना कागदावर 'पोहोच रस्ता उपलब्ध' असं लिहिलं गेलं, ती पोहोच म्हणजे गावठाणातली गल्ली. आता तीच गल्ली १२ मीटर रुंद करायचा प्रस्ताव होता. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती मागवल्या, चौसष्ट आल्या. त्यातल्या बहुतेक एकाच हस्ताक्षरात होत्या, त्यामुळं कार्यालयात त्यांना कुणी फार मोजलं नाही. मीही सुरुवातीला मोजलं नव्हतं.

सव्वादहाला मी आजींच्या भिंतीपाशी उभा होतो. गल्ली तिथं काटकोनात वळते. एका बाजूला आजींचं दगडी घर, समोर प्राथमिक शाळेची कंपाउंड भिंत. आजींनी कोपऱ्याच्या दगडावर बोट ठेवलं. दगड तीन ठिकाणी खरवडला होता. गुडघ्याइतक्या उंचीवर एक घळ, कमरेइतक्या उंचीवर दुसरी, आणि माझ्या डोक्याच्याही वर तिसरी, तिच्यात निळा रंग भरलेला. "ही टेम्पोची, ही ट्रकची, आन् ही डब्याची," त्या म्हणाल्या. डबा म्हणजे कंटेनर.

वीस मिनिटांत तो डबा आलाच. ४० फुटी कंटेनर, तोंड धरून पन्नास फुटांच्या पुढं गेलेला. ड्रायव्हरनं शक्य तितकं बाहेरून वळण घेतलं, पुढची चाकं शाळेच्या भिंतीला जवळजवळ लागली. पण ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, ती आतल्या बाजूनं वळण कापत येतात. हे मी पुस्तकात शिकलोय, गाडीच्या वळणाचं टेम्प्लेट ठेवून कागदावर कितीदा तपासलंय. त्या दिवशी ती चाकं आजींच्या पायरीवरून जाताना पाहिली. पायरीवर तेव्हा एक चप्पल होती, लहान मुलाची. चाक तिच्यापासून चार बोटांवरून गेलं. किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, खाली उतरून ओरडत होता, पोरं दप्तरं छातीशी धरून भिंतीला चिकटली होती. ती रडत नव्हती, घाबरलेली दिसत नव्हती, त्यांना याची सवय झाली होती. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

त्या डब्याच्या मागं उसाचा ट्रॅक्टर अडकला, दोन ट्रॉल्या लावलेला. हंगाम चालू होता. ट्रॅक्टरवरून एक तात्या उतरले, सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला टॉवेल. मी त्यांना ओळखलं. सुनावणीत सगळ्यात मोठ्या आवाजात विरोध करणारे हेच, आणि चौसष्ट हरकतींमधलं हस्ताक्षरही बहुधा त्यांच्याच नातवाचं. मला पाहून ते आधी काहीच बोलले नाहीत. उसाकडं बघत म्हणाले, "काल तुटलाय. हितं वाळत बसला की वजन माझंच जातंय, कारखान्याचं न्हाय."

मी विचारलं, "तात्या, गल्ली रुंद करायची नाही म्हणता, मग डबे जायचे कुठनं?"

ते गप्प. मग म्हणाले, "ट्रॅक्टर पोरगं नेतंय. चला माझ्यासंगं."

आम्ही गावाबाहेर पडलो. पंधरा-वीस मिनिटं बांधावरून चालत दोन गावांच्या शिवेवर आलो. दोन्हीकडं ऊस माथ्याच्या वर. मधे एक पायवाट, जेमतेम सायकल जाईल एवढी. "ही वाट," ते म्हणाले. "माझा बा हितनं बैलगाडी न्यायचा. शिरोलीच्या अंगाला निघायची."

मी पिशवीतून गाव नकाशाची प्रत काढली. खरं सांगायचं तर ती प्रत मी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट उलगडली. आमच्या आखणीत आम्ही उपग्रहाचं चित्र पायाला धरलं होतं, आणि त्या चित्रात इथं ऊसच ऊस होता, म्हणून इथं रस्ता नाही असं आम्ही धरून चाललो. नकाशावर मात्र शिवेलगत तुटक दुहेरी रेष स्वच्छ होती. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाव नकाशात तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. ही गाडीवाट होती. सेवा रस्त्यापासून शेडच्या मागच्या कुंपणापर्यंत, गावठाणाला हात न लावता जाणारी.

"मग कुठं गेली?" मी विचारलं.

तात्या खाली बसले. उसाच्या बुडख्यातला पाला हातानं बाजूला सारला, कोयत्याच्या टोकानं माती उकरली. वीतभर खाली दगड लागला, चौकोनी, वरती घडवलेला. शिवेचा दगड. तिथून त्यांनी बोटानं सऱ्या मोजल्या, एक, दोन, तीन, चार.

"चार सऱ्या माझ्या आत घेतल्यात साहेब. मीच घेतल्यात. पलीकडच्यानं दोन घेतल्या, मग मी एक, मग त्यानं. करत करत वाट संपली."

मी काय बोलावं ते मला सुचलं नाही. अकरा वर्षांत अतिक्रमण नाकारणारी शेकडो माणसं मी पाहिलीत. दगड उकरून दाखवणारं हे पहिलंच. मी फक्त विचारलं, हे लिहून द्याल का. ते म्हणाले, "देतो की. पण पलीकडच्याचं बी मोजा."

पुढचं काम बरंच कागदाचं होतं, ते थोडक्यात सांगतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेताला जाण्या-येण्यासाठी. कारखान्याच्या मालासाठी ती पुरत नाही, त्यासाठी रस्ता योजनेतच यावा लागतो. भूमी अभिलेखकडून मोजणी झाली. एकवीस फूट म्हणजे सहा मीटर चाळीस सेंटीमीटर. बारा मीटरला दोन्ही बाजूंनी दोन मीटर ऐंशी सेंटीमीटरचा पट्टा हवा. तो खरेदीनं घ्यायची तयारी उद्योजकांनी दाखवली. गावठाणात अकरा घरांच्या पायऱ्या आणि शाळेची भिंत जाणार होती, इथं एकही घर जात नव्हतं.

पण उद्योजकांची एक हरकत खरी होती, आणि तिनं माझी झोप उडवली. ते म्हणाले, शिवेवरचा रस्ता पुरात बुडेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, माल अडकला, कामगार अडकले. त्यांचं भय पोकळ नव्हतं.

म्हणून लेव्हल घेतली, म्हणजे जमिनीची उंची मोजली. गावातल्या मंदिराच्या भिंतीवर दोन्ही पुरांच्या रेघा तेलरंगानं ओढलेल्या आहेत. वरची रेघ धरली, तिथून स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, आणि लेव्हलचं यंत्र घेऊन टप्प्याटप्प्यानं शिवेपर्यंत गेलो. दिवस गेला. ओढ्याजवळचा शंभरेक मीटरचा तुकडा त्या रेघेच्या पावणेदोन मीटर खाली निघाला. पंचगंगेला फुगवटा आला की पाणी या ओढ्यातून उलटं वर चढतं. बाकीचा रस्ता कोरडा.

सोपा उपाय म्हणजे भराव. ट्रकनं मुरूम आणायचा, रस्ता दोन मीटर उचलायचा. पण दोन मीटरचा भराव ओढ्याला आडवा टाकला की तो बांधच होतो. वरच्या अंगाची शेतं आणि खालची वस्ती, दोन्हीकडं पाणी तुंबून राहतं. शिरोलीच्या पुलाजवळच्या महामार्गाच्या भरावाविषयी महापुरानंतर इथले लोक काय बोलतात, ते कोल्हापुरात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्याच तालुक्यात तीच गोष्ट पुन्हा लहान प्रमाणावर करायची माझी तयारी नव्हती. मी अहवालात लिहिलं: त्या शंभर मीटरमध्ये भराव नको, रस्त्याखालून पाणी जायला पाच बॉक्स मोऱ्या घ्याव्यात, पाण्याला येण्याची आणि परतण्याची वाट मोकळी ठेवावी. गावठाणातल्या गल्लीच्या तोंडाशी उंचीची कमान घालावी, म्हणजे डबे आत शिरणार नाहीत, रुग्णवाहिका आणि ट्रॅक्टर जातील.

आखणी बदलली. गल्लीचं रुंदीकरण वगळलं, शिवेवरचा रस्ता प्रस्तावात आला. हे वाचताना सोपं वाटेल, पण त्याला चौदा महिने लागले आणि त्यात दोन अधिकारी बदलून गेले. उंचीची कमान मात्र ग्रामपंचायतीनं लगेच उभारली. आजींच्या कोपऱ्यावरची सगळ्यात वरची घळ आता धुळीनं भरलीय, तिच्यात नवा रंग नाही. तात्यांनी चार सऱ्यांचा ऊस गेल्यावर तिथं पुन्हा लागण केली नाही. पलीकडच्यानं केलीय, त्याची सुनावणी व्हायचीय.

मोऱ्यांचं मात्र बिनसलं. अंदाजपत्रक करणाऱ्यांनी पाचाच्या दोन केल्या आणि मधल्या लांबीत भराव धरला. खर्च निम्म्यावर येतो असं कारण दिलंय. दोन मोऱ्यांतून ओढ्याचं रोजचं पाणी जाईल, हे मला मान्य आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा मागं सारते ते पाणी रोजचं नसतं, आणि त्या भरावाच्या वरच्या अंगाला सतरा कुटुंबांची शेतं आहेत. त्यातली काही तात्यांच्या भावकीची.

मंगळवारी मी पुन्हा टिपणी पाठवली. सोबत लेव्हलची सगळी रीडिंग जोडली, मंदिराच्या भिंतीवरच्या रेघेपासून ओढ्याच्या तळापर्यंत, आणि दोन्ही रेघांचे फोटो. तात्यांनी त्याच कागदावर सही केली. शिवाय त्या सतरा जणांच्या सह्यांचा वेगळा अर्ज दिला. या वेळी प्रत्येकाचं हस्ताक्षर वेगळं आहे.