मधुमालती: दोन वर्षं नुसती पानंच पानं

अमळनेरच्या घराला गेटवर वेलीची कमान पाहिजे ही हौस माझीच. नर्सरीवाल्याने मधुमालतीचं रोप दिलं, म्हणे महिन्याभरात फुलेल. महिना गेला, वर्ष गेलं, दुसरा पावसाळा पण गेला, वेल गेटवरून गच्चीच्या ग्रीलवर आणि तिथून डिशच्या छत्रीवर जाऊन बसली, फूल मात्र एक नाही. मी आपला दर पंधरा दिवसांनी मूठभर युरिया टाकतोय, रोज पाइप सोडून ठेवतोय, त्यात आपली काळी माती पाणी धरून बसणारी, वेलीची नुसती चैन.

शेजारच्या मावशी एक दिवस कंपाउंडवरून म्हणाल्या, "इतलं पानी कसाले देस रे भाऊ? थोडी उपाशी ठेव तिले."

राग आला, पण खरं होतं. नत्र जास्त झालं की ही पानंच काढत बसते, आणि हिला फुलं येतात ती नव्या फुटव्याच्या शेंड्याला. मग फेब्रुवारीत कमरेएवढी ठेवून बाकी सगळी छाटली. त्यात एक शर्ट गेला, कारण हिचं पान गळतं पण देठाचा बुडखा तिथंच राहतो आणि वाळून आकडीसारखा काटा होतो, हे कोणी सांगेल तर ना! युरिया बंद, पाणी चार दिवसांनी.

एप्रिल संपता संपता, बाहेर ४४ डिग्री आणि रस्त्यावर कुत्रं नाही अशा दिवसांत पहिला घोस आला. संध्याकाळी फूल उघडलं ते पांढरं, सकाळी बघतो तर गुलाबी, आणि तिसऱ्या दिवशी लालभडक! बायको म्हणे दोन रोपं लावली होती का? पांढरं असतं ते रात्रीच्या पतंगांसाठी, बोटाएवढ्या लांब नळीच्या तळाशी मध, तिथवर सोंड पोचते ती त्या मोठ्या हॉक मॉथची. दिवसा रंगीत फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर. हिचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वॅलिस, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच 'कोण? कसलं?' असा, एकदम फिट्ट.

आता गेटपासून दोन हातांवर मुळातून फुटवे निघायला लागलेत, त्यातला एक खणून मावशींना दिला. त्यांनी तो तेलाच्या डब्यात लावलाय. आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालतात, मी गच्चीवरून बघतो ना.