तुम्ही विचारलंत म्हणून : राहिलेली पदवी

"सर, नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तर त्याला किंमत असते का?" मी रविवारी अभ्यासकेंद्रावर शिकवतो, त्यामुळे एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, सगळे मला हेच विचारतात.

असते. कायद्याने तर असतेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या समकक्ष आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं तेच मुळी कॉलेजच्या वेळा ज्यांना कधी जमल्या नाहीत त्यांच्यासाठी. ही पदवी घेऊन एमपीएससीला बसता येतं, एम.ए. करता येतं. तरी कुणी नाक मुरडलंच, तर त्याला अनुदान आयोगाचं परिपत्रक दाखवा.

माझी काळजी वेगळी आहे. पुष्कळ जण प्रवेश घेतात, पुस्तकांचा गठ्ठा घरी नेतात आणि परीक्षेच्या आठवड्यात गाइड विकत आणतात. असं करू नका, कळकळीने सांगतो. ती पुस्तकं एकट्याने वाचणाऱ्यासाठीच लिहिलेली आहेत. प्रत्येक घटकात मध्येमध्ये प्रश्न असतात. तिथे थांबून वहीत उत्तर लिहायचं. कागदावर दोन पानं सलग लिहिण्याची सवय मोडलेली असते आणि परीक्षेत माणूस अडतो तो तिथेच, ज्ञानात नव्हे. संपर्कसत्रांनाही, म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या तासांनाही, या. बारा तासांची ड्यूटी करून आलेला वाहक अर्थशास्त्राच्या तासाला डिझेलच्या भाववाढीवर बोलतो, तेव्हा साऱ्या वर्गाला महागाई समजते. अशी चर्चा मी नेहमीच्या कॉलेजात क्वचितच ऐकली आहे.

बायकांना आणखी एक सांगतो. अभ्यासाची वेळ घरच्यांना आधीच सांगून ठेवा. उरलेल्या वेळात करू म्हटलं, तर घरात वेळ उरतच नाही.

आणि पैसे भरण्याआधी अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचंही नाव तपासा, कारण मान्यता दोन्हींना लागते. वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंगची पदवी घरबसल्या देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. पूर्वी एक-दोन वर्षं कॉलेज झालं असेल, तर जुन्या गुणपत्रिका घेऊन या. त्या झालेल्या अभ्यासाची काही सवलत मिळते का, ते प्रवेशाआधीच लेखी विचारून घेऊ.