परीक्षेचा पेशंट

एमडी सायकियाट्रीच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थी पास झाला की नापास, ते सगळ्यांना कळतं. त्या दिवशी पेशंट कुठून आणले, हे कुणी विचारत नाही. ते काम जेआर-टूचं, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचं. त्या वर्षी ते माझ्या गळ्यात आलं.

आमच्या कॉलेजचा वॉर्ड तीस खाटांचा. तिथले पेशंट तीन-चार आठवड्यांत सावरतात आणि घरी जातात. परीक्षेची लाँग केस (विद्यार्थ्याने सविस्तर तपासून मांडायचा पेशंट) मात्र जुनी हवी, भरपूर इतिहासाची, आणि मुख्य म्हणजे तासभर न उठता बोलणारी. तसा पेशंट मनोरुग्णालयात मिळतो. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मंजूर खाटा सगळ्या मिळून साडेपाच हजारांच्या वर. आमचं त्यांतल्या एका ठिकाणी पोस्टिंग असायचं आणि खरं सांगायचं तर जे काय शिकले ते तिथेच. पण कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं आणि मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. एका पेशंटला सहा तासांसाठी बाहेर न्यायचं तर पत्र, पत्राचं उत्तर, सोबतीला वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, व्हॅन, व्हॅनला डिझेल. तीन दिवस मी डॉक्टर नव्हतेच, सह्या गोळा करणारी कारकून होते.

मनोरुग्णालयातल्या एका जुन्या पेशंटला सगळे काका म्हणायचे. काकांचं नाव यादीत पहिलं. सीनियर म्हणाला, ‘ते घे, डोळे झाकून. सोन्यासारखी हिस्टरी देतात.’

आदल्या रात्री त्यांची फाईल चाळली. टॅगने बांधलेली, वीतभर जाड. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली रिसेप्शन ऑर्डरवर, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या भरतीच्या हुकमावर आलेले, पोलिसांनी आणलेले. नंतर वर्षानुवर्षं एकेका ओळीच्या नोंदी: ‘नो फ्रेश कम्प्लेंट्स. सीएसटी.’ सीएसटी म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. त्यांतल्या दोन माझ्याच अक्षरातल्या होत्या. राउंडला एवढी माणसं रांगेत उभी असतात की त्याहून जास्त लिहायला हात वळत नाही. आणि मधूनच, वर्षातून एकदा, परीक्षेआधी सराव करायला आलेल्या कुणा जेआर-थ्रीची मोत्यासारखी दोन-तीन पानं. बालपण, शाळा, लग्न मोडलं ते, आणि शेवटी मेंटल स्टेटस, म्हणजे मनाच्या तपासणीची नोंद: दोन माणसं आपल्याविषयी आपसांत बोलताना ऐकू येतात, हुकूम सोडतात. त्याखाली दुसऱ्या पेनने, आवाजांवरचं औषध, रिस्पेरिडोन, चार मिलिग्रॅमचं सहा. पुढे आणखी एका वर्षी सहाचं आठ, जोडीला त्याच्या दुष्परिणामांवरची गोळी, ट्रायहेक्सिफेनिडिल. मी हे सगळं वाचलं. लक्षात काही आलं नाही. झोप आली होती.

दुसऱ्या दिवशी वेळ संपल्याची घंटा माझ्याकडे होती, म्हणून मी आतच बसून होते. समोरचा मुलगा दुसऱ्या कॉलेजचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. काका मात्र इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत निवांत. वार, तारीख अचूक. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग जरा अडखळून अठ्ठ्याहत्तर. ‘नाचता येईना अंगण वाकडे, म्हणजे काय?’ काका म्हणाले, ‘अंगण वाकडं असलं की पाय घसरतो.’ मुलाने आनंदाने लिहिलं, काँक्रीट थिंकिंग, म्हणजे म्हणीचा शब्दशः अर्थ घेणं. शेवटची पाच मिनिटं राहिली, त्याचं पान भरलेलं, आणि काका हळूच म्हणाले, ‘जीव द्यावासा वाटतो का, ते विचारायचं राहिलं.’ मी घड्याळाकडे बघत राहिले, नाहीतर हसू फुटलं असतं.

मग परीक्षक आले, चौघं, त्यांतले दोघं बाहेरचे. एका सरांनी काकांचं मनगट हातात घेतलं, कोपर हलवलं. ‘काय लागतंय?’ मुलगा म्हणाला, ‘कॉगव्हील रिजिडिटी, सर.’ दातेरी चाक फिरवल्यासारखा अडकत अडकत हलणारा सांधा. ‘व्हेरी गुड.’ तो कशामुळे, हेही त्याने बरोबर सांगितलं: औषधामुळे.

दुपारी व्हरांड्यात मी काकांना चहा-बिस्किटं दिली. कप बशीवर कडकड वाजत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडलाच. बुडवलेलं बिस्कीट तोंडापर्यंत पोचेपर्यंत गळून पडलं. बोटाने काढून खाल्लं.

‘काका, अंगणाचा अर्थ खरंच माहीत नाही?’

‘आहे की. पण बरोबर सांगितलं तर पोराने लिहायचं काय?’

‘आणि आवाज?’

‘ते गेले, मॅडम. बरीच वर्षं झाली. पण त्यावाचून यांचं पान भरत नाही.’

संध्याकाळी मी आमच्या सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘परीक्षेत खोटं बोलला आणि तुझ्याशी खरं, कशावरून?’ प्रश्न चुकीचा नव्हता. आवाज लपवणारे पेशंट मी पाहिलेत. डिस्चार्ज हवा म्हणून लपवतात, डोस वाढेल म्हणून लपवतात. पण चारचे आठ करताना हाच प्रश्न कुणी स्वतःला विचारला नव्हता, याचा राग अजून जात नाही. वॉर्डातल्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘एकटे बोलताना कधी पाहिले नाहीत बाई. चादरींचा हिशेब तेच ठेवतात, एक कमी होत नाही.’ अख्ख्या फाईलीत चादरींचा उल्लेख नाही.

तिथल्या डॉक्टरांच्या मागे लागून आठाचे सहा झाले, पुढे काही महिन्यांनी चार. आवाज परतले नाहीत, कपाची कडकड थांबली. घरचं काही जमलं नाही. २०१७ चा नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, डिस्चार्जचं नियोजन कसं करायचं ते त्यात नीट लिहिलंय. पण भावाला पाठवलेलं पत्र ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आलं.

पुढच्या वर्षी परीक्षा माझीच होती. केसेस लावणाऱ्या ज्युनियरला मी आधीच बजावून ठेवलं, काकांचं नाव घ्यायचं नाही. निकाल लागल्यावर पेढे घेऊन वॉर्डात गेले. काकांनी पेढा घेतला, निम्मा मोडून खिशात ठेवला.

‘गाडी आली होती,’ ते म्हणाले. ‘मी शर्ट इस्त्री करून बसलो होतो. माझं नावच नव्हतं.’

मी काहीच बोलले नाही.

‘मग तुम्ही पास कशा झालात?’