संगमावर जळालेली लायब्ररी

कितीतरी वर्षं मी एल्फिन्स्टन रोडला उतरून ऑफिसला जायचो आणि मनात पक्कं धरून चाललेलो की हे स्टेशन त्याच एल्फिन्स्टनच्या नावाचं, ज्याने पेशवाई बुडवली. २०१८ मध्ये स्टेशनचं प्रभादेवी झालं, तेव्हा सगळीकडे तीच चर्चा, म्हणून वाचायला घेतलं तर कळलं की स्टेशनवाला लॉर्ड एल्फिन्स्टन वेगळाच, १८५३ ते १८६० मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला. पेशवाईवाला माउंटस्टुअर्ट त्याचा काका. इतकी वर्षं चुकीच्या माणसावर राग काढत होतो. मग खऱ्या माणसाचं मिळेल ते वाचत सुटलो.

माउंटस्टुअर्ट स्कॉटलंडचा, जन्म १७७९ चा. सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. १७९९ ला बनारसमध्ये अवधचा पदच्युत नवाब वजीर अलीच्या माणसांनी इंग्रजांना कापलं, त्यातून हा घोडा पळवत जेमतेम वाचला. १८०३ ला मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सोबत, १८०९ ला पेशावरला अफगाण राजा शाह शुजाच्या दरबारात वकील म्हणून, आणि या सगळ्या धावपळीत ग्रीक, फारसी वाचन चालूच. १८११ ला पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बसला तो आपल्या लोकांना नीट ओळखूनच, आणि मला तर हेच जास्त टोचतं, कारण अडाणी शत्रू परवडला.

पुढचं आपल्याला शाळेपासून माहितीये. १८१५ ला पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्र्यांचा खून, त्याबद्दल पेशव्यांचे खास त्रिंबकजी डेंगळ्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कैद, आणि तिथून ते निसटले ते म्हणे बाहेर मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा नोकर) मराठीत गाणं म्हणत सगळा बेत सांगायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातला शब्दही कळायचा नाही. हा किस्सा मी मुलीला दहा वेळा तरी सांगितलाय.

५ नोव्हेंबर १८१७. मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी होती, एल्फिन्स्टन तिथून निघून नदी ओलांडून खडकीच्या इंग्रज फौजेकडे गेला आणि मागे मराठ्यांनी बंगला लुटून पेटवून दिला. त्यात त्याची सगळी पुस्तकं, हस्तलिखितं, स्वतःचे कागद जळाले. गेल्या पावसाळ्यात मी संगमाच्या पुलावर मुद्दाम थांबलो होतो, खाली गढूळ पाणी भरून चाललेलं, आणि डोक्यात एकच, की या काठावर एका वाचणाऱ्या माणसाची आयुष्यभराची पुस्तकं राख झाली आणि बारा दिवसांत, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. दोन्हीचं वाईट वाटतं, पण दुसऱ्याचं खूप जास्त.

नंतर कमिशनर म्हणून त्याने इनामं बऱ्यापैकी चालू ठेवली, पंचायती लगेच मोडल्या नाहीत, पुढे गव्हर्नर झाल्यावर, पेशवे ब्राह्मणांना द्यायचे त्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ ला पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. आणि याच माणसाने, कमिशनर असताना पुण्यात इंग्रजांना मारून पेशव्यांना परत आणायचा कट उघडकीला आला तेव्हा, म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. वरून मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरने सुचवलं की याबद्दल कायद्याचं संरक्षण मागून घे, तर म्हणाला नको, चुकलो असेन तर शिक्षा भोगेन. त्याचा ताठपणा मला कळतो, पण तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसांना त्याचा काय उपयोग. हे मी माफ करू शकत नाही.

तरी एक प्रसंग डोक्यातून जात नाही. ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग बघितला आणि विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला, पण हाच आपला युरोपला परत जायचा रस्ता आहे. मग ब्रिग्जने विचारलं, तरी तुम्ही हे सुरू करताय? तर उत्तर असं, की काहीही झालं तरी त्यांच्या बाबतीतलं आपलं कर्तव्य केलंच पाहिजे.

१८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर राहिला, पुढे गव्हर्नर-जनरलपद देऊ केलं तरी घेतलं नाही, १८५९ मध्ये इंग्लंडात वारला. तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने दोन लाखांवर वर्गणी जमवली, त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. तिथेच दादाभाई नौरोजी शिकले, तिथेच गणिताचे प्रोफेसर झाले, आणि मग इंग्रज इथून दरवर्षी किती पैसा नेतात त्याचा हिशोब मांडायला बसले.