नक्षी बेतताना

साध्या पॉपलीनचा उशीचा अभ्रा शिवायचा असेल तर माप घ्यावे, खडूने खूण करावी आणि कात्री चालवावी, एवढेच काम असते. तेच कापड खणाचे, कलमकारीचे किंवा भरतकामाचे असले, की ते पलंगावर पसरून त्याच्याकडे बघण्यातच अर्धी दुपार निघून जाते. मोर मध्यभागी घ्यावा की कडेला, काठ वर ठेवावा की तळाला, वेलीचे बूड शिवणीत गेले तर ती अधांतरी लोंबकळल्यासारखी दिसेल का, हे सगळे प्रश्न कात्री लावण्यापूर्वीच सोडवावे लागतात, कारण नंतर ते सुटत नाहीत. घरी शिवणाऱ्या बाईचे कसब मशीनवर दिसते असा सर्वसाधारण समज आहे. मला विचाराल तर ते त्या पलंगावरच ठरते. नक्षीच्या कापडाला आकार देण्याचा हट्ट फार करू नये, त्याला जो आकार मानवेल तो ओळखावा, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

नागपुरात अशा कापडाला तोटा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हापासून गिरणीचे कापड या शहराच्या अंगवळणी पडले. आता त्या मिलचे भोंगे नाहीत, पण कापडाची उलाढाल गांधीबाग आणि इतवारीच्या गल्ल्यांतून हललेली नाही. ठोक दुकानांच्या आसपास कटपिसांचे ढीग असतात, आणि घरी पिशव्या-उशा शिवणाऱ्यांचा खरा बाजार तोच. तेथला अनुभवी विक्रेता किती मीटर हवे हे आधी विचारत नाही, "काय शिवायचं आहे, ताई?" असे विचारतो आणि उत्तर ऐकून पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सांगतो. ते रास्तच आहे. पडद्याच्या कापडाचा पन्हा अठ्ठेचाळीस ते चौपन्न इंच असतो, तेव्हा सोळा इंची कुशनचे, माया (शिवणीसाठी सोडलेली जादा कड) धरून, दोन-तीन चौकोन आडवे सहज बसतात. खणाचा पन्हा मात्र तीस-बत्तीस इंचांच्या आसपास. त्यात एक पूर्ण चौकोन निघतो आणि जी पट्टी उरते तिचा मागचा झाकता पदर करावा लागतो. त्यातही काठ पुढच्या बाजूला घेतला तर मागे काठ उरत नाही. छापाची नक्षी मोठी असेल तर ती किती इंचांनी परत येते हेही दुकानातच मोजून घ्यावे. जोडीच्या दोन कुशनांवर एकीकडे अख्खा हत्ती आणि दुसरीकडे नुसती सोंड आली, तर पाहुण्यांची नजर नेमकी सोंडेवर जाते.

आमच्या भागाचे म्हणून जे कापड आहे, त्या कोशाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोषांपासून हे रेशीम निघते. त्याचा मूळचा रंग मधासारखा, धागा कुठे जाड तर कुठे बारीक, त्यामुळे प्रकाशात धरले की कापडावर आडव्या, अनियमित रेघा उमटतात. हीच त्याची नक्षी. वेगळी छापावी लागत नाही. करवतकाठी साडीत तर कोशाच्या अंगाला सुती काठ तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांनी) विणताना जोडलेला असतो आणि काठाची ती दातेरी रांग करवतीच्या पात्यासारखी दिसते. अशी एखादी साडी घडीवर विरली, की तिचे काठ वाचवून त्यांचे काहीतरी शिवावे असे घरात ठरते आणि ते काम साहजिकच माझ्याकडे येते.

कोसा दिसायला दणकट, पण शिवणीत नाजूक असतो. कापलेली कड हाताळता हाताळता सुटते आणि ताण पडला की टिपेच्या शेजारचे धागे सरकून बारीक जाळी दिसू लागते. म्हणून त्याला अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच माया सोडावी, मागे पातळ मलमलीचे अस्तर कच्च्या टाक्यांनी धरावे आणि मग दोन्ही एकच कापड समजून शिवावे. अस्तर ताण घेते, कोसा फक्त मिरवतो. विरलेल्या साडीला तर अस्तरावाचून गत्यंतरच नाही. आणखी एक गोष्ट खास आमच्या हवेची: एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलरशिवाय मशीनवर बसणे अशक्य असते, पण कूलरचे तुषार कोशावर पडले की पाण्याचे डाग उमटतात. तेव्हा कोसा कूलरपासून दूर शिवावा, किंवा थंडीपर्यंत पेटीत ठेवावा. मी ठेवते. उन्हाळ्यात मांजरपाट, छापील सुती आणि डेनिम यांची कामे काढावीत. त्यांना पाण्याचे भय नसते.

सुती छापील कापडाविषयी एकच आग्रह आहे, की ते शिवण्याआधी धुवावे. अजरख असो की कलमकारी, पहिल्या पाण्यात कापड आटते आणि काही रंग सुटतात. बादलीत मूठभर मीठ टाकले की रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात. पण एकदा रंगवून आलेल्या कापडाचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही, केवळ मन शांत होते. आधी धुतलेल्या कापडाची पिशवी पुढे निदान वाकडी तरी होत नाही. अस्तर आटले आणि वरचे कापड तसेच राहिले, तर पिशवी आतून ओढून धरल्यासारखी चुण्या घेते आणि त्यावर इस्त्रीचा काही इलाज चालत नाही.

पिशवीचा विषय निघालाच आहे तर सांगते, की महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीला पुन्हा मान मिळाला. नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात हातात नक्षीची पिशवी घेऊन फिरण्यात आता कोणाला संकोच वाटत नाही. पण संत्री आणि कांदे उचलणारी पिशवी केवळ देखणी असून भागत नाही. तळाचे दोन्ही कोपरे उलट्या बाजूने त्रिकोणी दाबून आडवी टीप मारली, की तिला बूड येते आणि ती ओट्यावर उभी राहते. हातात धरायचे बंद जेथे जोडतो तेथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी; सगळे ओझे त्या दोन-तीन चौरस इंचांवर येते. एका दोऱ्याची वरून आणि दुसऱ्याची खालून गाठ बसवणाऱ्या ज्या टाक्यावर आपली घरगुती मशीने चालतात, त्या पद्धतीच्या मशीनचे पेटंट एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत घेतले. ती गाठ कापडाच्या जाडीच्या मधोमध बसायला हवी. बंद, अस्तर, बकरम (आतले ताठ कापड) आणि वरचे कापड मिळून सहा-सात थर झाले, की गाठ खाली ओघळते आणि उलट बाजूला दोऱ्याचे फासे दिसू लागतात. अशा वेळी सोळा नंबरची सुई लावावी, टाका मोठा करावा आणि पाय मारण्याऐवजी चाक हाताने फिरवावे. आरशाच्या किंवा टिकल्यांच्या कापडात शिवणीच्या वाटेवरचे आरसे आधी उसवून काढावेत, नाहीतर सुई तुटून तिचा तुकडा डोळ्याकडे उडतो. एकंदरीत आरशांची कुशने शिवूच नयेत असे मला वाटते. त्यावर कोणी डोके टेकत नाही; ती फक्त पाहुणे आल्यावर सोफ्यावर मांडतात आणि पाहुणेही त्यांना टेकून बसत नाहीत.

अंगात घालायच्या कपड्यांबाबत मी बरीच सावध असते. इरकली काठाचे कोपर, खणाचे खिसे, अजरखची पाठ आणि त्यावर भरतकामाची कॉलर, असे सगळे एकाच कुर्त्यावर आले, तर माणूस दिसायचा राहून जातो. साध्या हातमागाच्या जाकिटाला आतून छापील अस्तर लावावे, म्हणजे बाही दुमडली की ते दिसते आणि एरवी घालणाऱ्यापुरते राहते. गळ्याला त्याच छापाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली तर पुरे.

वर्षभराच्या कातरणांना आमच्याकडे दोन ठरलेल्या वाटा आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बटवे लुटले जातात. एका खणाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यांत ते भरपूर होतात, फक्त नेफ्यातून (तोंडाशी दुमडून शिवलेल्या पट्टीतून) दोरी दोन्ही बाजूंनी ओवायला विसरू नये, नाहीतर बटव्याचे तोंड एकाच अंगाला कलते. दुसरी वाट तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून मुले दारोदार बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागायला निघतात आणि त्या बैलाला झूल हवी असते. त्या झुलीत माझ्या पेटीतले जे जे भडक, चमकदार आणि इतरत्र न शोभणारे असते ते सगळे खपते, कारण बैलाला काहीही शोभते. त्यावर गोटा लावा, टिकल्या लावा, कुशनासाठी वर्ज्य केलेले आरसेही लावा. शेजारच्या सूनबाई श्रावण लागला की निरोप घेऊन येतात. "काकू, झूल मागच्या वर्षीच्याच मापाची करा, फक्त बैल नवीन घेतला आहे," असे त्यांनी यंदा सांगितले. तेव्हा आधी तो बैल घेऊन या, असे मी त्यांना कळवले आहे.